दोन पाण्यांमधली आक्का

आक्काच्या घरात कॅलेंडर नव्हतं. भिंतीला खिळा होता, पण त्याला पिठाची चाळण अडकवलेली असायची. दिवस मोजायला तिच्याकडं नळ होता.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांनी येतं, कधी चार, कधी पाच. आक्कानं वार, तारीख, महिना ही भानगड कधीचीच सोडून दिली होती, ती सगळं पाण्यात सांगायची. चटणी कधी कुटली? दोन पाण्यांमागं. समोरच्या अम्मांची सून माहेरून कधी येणार? ह्या पाण्याला नाही, पुढच्या. एकदा मला ताप आला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले. आक्का म्हणाली, मागच्या पाण्याला चढला तो ह्या पाण्यालाबी उतरला न्हाय. डॉक्टर बाहेरगावचे, नवीनच आलेले. त्यांनी पाणी बाधलं असं धरून जुलाबाच्या गोळ्या लिहून दिल्या. मला जुलाब नव्हते. आक्कानं गोळ्या परत केल्या आणि बोळभर सांगत सुटली की डॉक्टर शिकलेला दिसतो, पण त्याला दिवस मोजता येत नाहीत.

पुढं पाणी चारावरून पाच दिवसांवर गेलं. शुक्रवार पेठेतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन मोर्चाला गेल्या. आक्का गेली नाही. तिच्या हिशेबानं तिचं वय आता सावकाश वाढणार होतं, त्यात मोर्चा कशाला काढायचा.

आक्का कडक भाकऱ्या करून विकायची. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत वाळवायची. महिनाभर टिकते. प्रवासाला निघालेली माणसं तिची मुख्य गिऱ्हाइकं. ती स्वतः मात्र जवळच्या कुंभारीहून लग्न करून शुक्रवार पेठेत आली, तेवढाच तिचा प्रवास. नवरा गिरणीत होता. "गिरणी बंद पडली आन् दोन वर्सानं त्योबी," असं ती एका दमात सांगायची, दोन्हीचं दुःख सारखंच असल्यासारखं. मूलबाळ नव्हतं. गिऱ्हाइकाला ती भाकऱ्या किती पाहिजेत असं विचारायची नाही. कुठं चाललाय आणि किती दिवस, एवढंच विचारायची आणि किती लागतील ते स्वतः ठरवायची. एका माणसानं तिरुपतीला चाललोय म्हणून वीस मागितल्या, तर तिनं बारा दिल्या आणि देवाकडं चाललाय, तर थोडं उपाशी राहावं, असं ऐकवलं.

माझे पप्पाही तिच्या गिऱ्हाइकांपैकीच.

पप्पा आणि आई सोलापुरी चादरींचा सेल लावत. गावोगावी मंगल कार्यालय नाहीतर एखादा रिकामा हॉल भाड्यानं घ्यायचा, चादरी, टॉवेल, सतरंज्या मांडायच्या आणि दारावर कापडी फलक लावायचा: शेवटचे तीन दिवस. हा फलक पहिल्या दिवशीच लागायचा. मग महिना, दीड महिना तो तिथंच. गिऱ्हाइकंही रोज धावतपळत यायची. मी अक्षरं लावायला शिकले ती ह्याच फलकावर, त्यामुळं 'तीन दिवस' म्हणजे नक्की किती, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

माझे आईवडील वाईट नव्हते, हे आधीच सांगते. गिऱ्हाइकांशी ते फार प्रेमानं वागत. आई अनोळखी बाईच्या लेकराला मांडीवर घेऊन चादर निवडून द्यायची. गठ्ठ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायला ती कधी म्हणजे कधी विसरली नाही. मला कुठं ठेवलंय, हे तेवढं अधूनमधून विसरायची. म्हणजे ठेवलेलं असायचं नीटच. बार्शीला आत्याकडं, केमला स्टेशनजवळ पप्पांच्या दोस्ताकडं, मग विजापूरला एका वसतिगृहात, मग परत केम. प्रत्येक ठिकाणी सोडताना पप्पा म्हणायचे, तीन दिवसांत येतो. आणि मी म्हणायचे, चालेल. एकदा मी केमला असताना आई मला न्यायला बार्शीला गेली होती. आत्यानं सांगितलं, ती चार महिन्यांपूर्वीच गेली की. आईनं तिथं दोन चादरी खपवल्या आणि परत गेली.

मी बारा वर्षांची असताना पप्पा भाकऱ्या घ्यायला आक्काकडं थांबले. छोटा टेम्पो बाहेर, मी पिशवी घेऊन मागं उभी. निपाणीला सेल होता. भाकऱ्या बांधता बांधता पप्पांनी विषय काढला. पोरीला तीन दिवस ठेवून घेता का, गुणी आहे, काही मागत नाही. आक्कानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तिचा नियम होता, घरात कुणाचं काही ठेवून घ्यायचं तर त्यासोबत तारण पाहिजे. लोक वस्तू ठेवतात आणि विसरतात, असा तिचा अनुभव. अम्मांच्या घरातली एक शिडी तिच्याकडं अकरा वर्षं पडून होती.

पप्पा हसून म्हणाले, "अहो आक्का, पोटची पोरगी ठेवून चाललोय. अजून काय तारण ठेवू?"

"ही नव्हं," आक्का म्हणाली. "तू परत येशील असं कायतरी ठेव."

पप्पांना राग आला नाही. ते विचारात पडले. टेम्पोत जाऊन त्यांनी भोंगा आणला. बॅटरीवर चालणारा, नवा, त्यात पप्पांच्याच आवाजात सेलची जाहिरात भरलेली. भोंग्याशिवाय सेल म्हणजे मुका धंदा. त्यांनी तो आक्काच्या कोनाड्यात ठेवला, वर फडकं टाकलं आणि मला म्हणाले, ह्याला धूळ लागू देऊ नको.

पाचव्या दिवशी, पाणी यायच्या आधीच, पप्पा आले. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले. पप्पांनी भोंगा घेतला, फडकं झटकलं, चालू करून बघितला. मग मला सांगितलं की निपाणीचा हॉल लहान आहे, आई पुढच्या खेपेला न्यायला येईल. मी म्हटलं, चालेल. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत भोंगा वाजतच होता.

आक्का उंबऱ्यात उभी होती. माझी समजूत वगैरे तिनं घातली नाही. ती स्वतःवरच चिडली होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "दोनी एका दोरीनं बांधाय पायजे हुतं. उचल ती पिशवी, वाटंत येती."

तिथून पुढं मी सात वर्षं आक्काकडं राहिले. 'राहिले' हा शब्द आता लिहिते. तेव्हा पहिले काही महिने मी राहत नव्हते, थांबले होते. अंथरूण पहाटे गुंडाळून पिशवीशेजारी ठेवायचे. कमी खायचे, आवाज न करता खायचे आणि जे पुढं येईल त्याला छान झालंय म्हणायचे. माझा समज असा होता की चांगली पाहुणी जास्त दिवस टिकते.

आक्काला ह्याचा भयंकर वैताग. तिनं एक दिवस माझ्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी प्यायले. कसा झालाय, तिनं विचारलं. मी म्हटलं, छान. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ. पुन्हा छान. असं पूर्ण दोन पाणी चाललं. समोरच्या अम्मा रोज दारात येऊन बघून जायच्या, आज काय झालं म्हणून. शेवटी एके सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं की आज जरा खारट लागतोय. आक्कानं कप हिसकावून मोरीत ओतला आणि अम्मांना हाक मारून सांगितलं, "बोलली बघा. लई उशिरा बोलली, पन बोलली."

दुसरा वैताग थँक्यूचा. वसतिगृहात मला ऊठसूट थँक्यू म्हणायची सवय लागली होती. आक्काचं म्हणणं, थँक्यू म्हटलं की माणूस निघून जातो, दुकानात बघ. भाकरी घेतो, थँक्यू म्हणतो, पाठ फिरवतो. "मग तू काय निघालीस व्हय?" मी थँक्यू म्हटलं की ती दारच उघडायची. भर उन्हात, घरात आगीची धग असताना, ती दार सताड उघडून उभी राहायची, मी शब्द परत घेईपर्यंत. मला आजही कुणाचे आभार मानले की आधी दाराकडं बघायची सवय आहे.

ही पोरगी कोण, असं कुणी विचारलं तर आक्का प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायची. रेशनवाल्याला बहिणीची नात. दवाखान्यातल्या नर्सला दिराची मुलगी. पिठाच्या गिरणीवाल्यानं दोनदा विचारलं, तर दोनदा वेगळं. अम्मांनी तिला एकदा सुनावलं की निदान एक खोटं तरी धरून ठेवा. त्यावर आक्का म्हणाली, खरं एक असतं म्हणून ते लक्षात ठेवावं लागतं, खोट्याला कशाला डोकं लावायचं.

शाळेतही तिनं मला घातलं होतं. सातवी, आठवी बिनबोभाट झाली. नववीला मात्र हेडमास्तरांनी आधीच्या शाळेचा दाखला मागितला. आधीच्या शाळा तीन, त्यांतली एक विजापूरची, कानडी. आक्का फडक्यात भाकऱ्या बांधून हेडमास्तरांच्या खोलीत गेली. पोरगी हितं तुमच्यापुढं उभी हाय, आनि तुमाला ती दुसरीकडनं गेल्याचा कागद पायजे, हे कुठलं शानपन, असा तिचा सवाल होता. हेडमास्तर भले होते. त्यांनी मला पाच महिने वर्गात बसू दिलं. पप्पांना फोन केला. पप्पा म्हणाले, दाखला तीन दिवसांत पाठवतो. दाखला आला नाही. परीक्षा झाली, मी वर्गाबाहेर. अशी माझी शाळा सुटली. शाळा सोडल्याचा दाखला नसल्यामुळं ती सुटल्याचाही पुरावा नाही. विजापूरच्या कुठल्यातरी कपाटात मी अजून सहावीत असेन.

आता मी कोचीला असते. समुद्राजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे, हाताखाली सहा मुली आहेत. एकोणिसाव्या वर्षी कुंभारीच्या एका ओळखीच्या मुलीबरोबर इकडं आले. आक्कानं आडकाठी केली नाही, फक्त तिथं ज्वारी मिळती का, एवढंच विचारलं. मिळत नाही म्हटल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता फोनवर दर वेळी विचारते, पाणी कधी येतं. इथं रोज येतं. "रोज?" ती म्हणते. "मग दिवस कळत्यात कसं?" आणि माझी कीव आल्यासारखी फोन ठेवते.

तिला मी सांगत नाही, पण दिवस मला अजूनही नीट कळत नाहीत. घरमालकानं दार वाजवलं की वाटतं, आता खोली सोडायला सांगणार. परवा ते फणस द्यायला आले होते. मी दार उघडायच्या आधी खोलीवरून नजर फिरवून घेतली, काय काय बांधावं लागेल त्याचा अंदाज घेतला, मग कडी काढली. फणस घेतला आणि खालच्या पायरीपर्यंत त्यांचे आभार मानत गेले. ते घाबरून निघून गेले. आक्का इथं असती तर तिनं दोघांनाही झापलं असतं.

पण मला सांगायचंय ते मी पंधरा वर्षांची होते तेव्हाचं.

आक्काकडं मला सोडून दोनशेच्या वर पाणी होऊन गेली होती. मधे सणावाराला फोन यायचा, आवाज बरा वाटायचा. एक दिवस दुपारी टेम्पो दारात येऊन थांबला. पप्पा उतरले, मागून आई. आईनं माझ्यासाठी फ्रॉक आणला होता, गुलाबी, बारा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. तिनं तो माझ्या अंगाला लावून बघितला, मग घडी घालून परत पिशवीत ठेवला. मापाचं नंतर बघू, म्हणाली.

पप्पा खुशीत होते. हुबळीला वर्षभरासाठी हॉल मिळाला होता. आता फिरणं बंद, सगळं एका जागी, मागं राहायला खोली. आईनं टॉवेलचा वेगळा काउंटर काढायचा ठरवलं होतं आणि त्यावर बसायला घरचंच माणूस हवं होतं. तेवढ्यासाठी आलो असं नाही, आई म्हणाली, तुझी आठवण तर रोजच यायची. हे ती कानडी गिऱ्हाइकाला चादर दाखवते त्या आवाजात म्हणाली, पण म्हणाली. मी तीन वर्षं ह्या दुपारची वाट बघितली होती. माझी पिशवी अजूनही दाराच्या मागंच होती.

आक्का चुलीपुढं होती. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिनं चहा टाकला, सगळ्यांना साखरेचा. मग गाडी दारात आडवी लावलीय, अम्मांच्या घरच्यांना जाता येणार नाही, असं पुटपुटत बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली. आल्यावर परत भाकरी थापायला बसली. मी तिच्याकडं बघत राहिले. मला वाटत होतं, तिनं एक शब्द बोलावा. राहा म्हणावं, म्हणजे मला राहता येईल. किंवा जा म्हणावं, म्हणजे जाता येईल. ज्या घरात कोण माझं काय लागतं हे रोज बदलत होतं, तिथं मी स्वतः कसं ठरवायचं?

पप्पांनी घड्याळ बघितलं. "चला मग," ते म्हणाले. "हुबळी लांब हाय. भर पटकन काय असंल ते."

तोंडाशी 'चालेल' आलेलं होतं. ते यायला कधी वेळ लागायचाच नाही. मी आक्काकडं बघितलं. ती तव्याकडं बघत होती, आणि तव्यावरची भाकरी करपत होती. वास सगळ्यांना येत होता. भाकरीचा एक काठ काळा झाला, मग दुसरा. तिच्या हातून करपलेली भाकरी मी तोवर बघितली नव्हती. तिचा हात उलथन्यावर होता आणि हलत नव्हता.

"मी येत न्हाय," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की आई म्हणाली, काय? मग मला परत म्हणावं लागलं. "मी न्हाय येत. मी हितंच ऱ्हाते."

मला वाटलं, आता रडारड होईल, पप्पा ओरडतील. मी कारणं जुळवायला लागले. तर पप्पांनी आईकडं बघितलं, आईनं पप्पांकडं. आणि दोघांचे खांदे खाली आले. दिवसभर उभं राहिल्यावर गिऱ्हाईक नुसतं बघून गेलं की येतात, तसे नाही. हॉलवाल्यानं अजून महिनाभर राहा म्हटलं की येतात, तसे.

"बरं," पप्पा म्हणाले. "हिचं शिक्षनबी चाललंय म्हना." शिक्षण कधीच सुटलं होतं. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला, आक्काकडून पंधरा भाकऱ्या घेतल्या आणि निघाली.

मी त्यांना सोडायला बाहेर गेले. टेम्पोच्या मागं चादरींचे गठ्ठे पार वरपर्यंत रचलेले, वर ताडपत्री आवळलेली. एक मांजर बसेल एवढीही जागा नव्हती. आई पुढं दाराशी बसली. तिच्या आणि पप्पांच्या मधे, जिथं तिसरं माणूस अंग चोरून बसतं, तिथं एक नवा कोरा कूलर होता. खोक्यासकट. हलू नये म्हणून दोरीनं सीटला चांगला तिहेरी वेढे देऊन बांधलेला.

ते मला न्यायला आले होते.

मी घरात आले. आक्का तवा खाली उतरवून घासत होती. काळं निघत नव्हतं. मला एकदम कळलं, ती मघाशी बाहेर बराच वेळ काय करत होती.

"तू कूलर बघितलास की मघाशी," मी म्हटलं.

"व्हय."

"मग मला सांगितलं का न्हाईस? मी हो म्हटलं असतं तर?"

आक्कानं तव्यावर अजून राख टाकली.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू कूलरमुळं ऱ्हायली असतीस."